बाळकाकांकडचं केळवण

बाळकाका खांबेटे समोरून येताना दिसले की लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात, हे नारायण पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द बाळकाकांना तेवढं ठाऊक नव्हतं. म्हणजे, नाही असं ते स्वतःला समजावत.

माणूस वाईट नव्हता हो! चिंचवडच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. मग नवे साहेब आले, त्यांनी नवी यंत्रं आणली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. नावाला स्वेच्छा, इच्छा मात्र साहेबांची. काकांनी पेठेतली भाड्याची जागा सोडून धायरीला फ्लॅट घेतला, जाणं-येणं मात्र पेठेतच राहिलं, आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडायच्या वेळेला घरात बसून करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तेवढ्यात जुन्या खात्यातले रंगराव भेटले. रंगरावांनी टाय लावला होता. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, मंडईत टाय! खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

रंगरावांनी काकांना ‘सुवर्णशिखर परिवारा’त ओढलं. परिवाराचं काम सोपं होतं. साबण, टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर आपण विकायची, विकणारी आणखी माणसं आपल्याखाली जोडायची, त्यांनी त्यांच्याखाली जोडायची, आणि मग सगळ्यांनी मिळून श्रीमंत व्हायचं. दर रविवारी एका कार्यालयात सभा भरायची आणि सूट घातलेला कुणीतरी यशाचे मंत्र सांगायचा. रोज आरशापुढे उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ असं मोठ्यानं म्हणा. काका म्हणायचे. श्यामलाकाकू बाथरूमचं दार वाजवून सांगायच्या, “यशस्वी झाला असाल तर बाहेर या. मला आंघोळ उरकायची आहे.”

पण सगळ्यात घात केला तो एका मंत्रानं. सुरुवात आपल्या माणसांपासून करा, आपली माणसं नाही म्हणत नाहीत. झालं! काका आपल्या माणसांच्या मागे लागले. बारशाला गेले, मुंजीला गेले, आणि चुलतबहिणीच्या यजमानांच्या चौदाव्याला गोडाच्या पंगतीत “आयुष्याचा काही भरवसा नाही बघा” इथून निघून टूथपेस्टपर्यंत पोचले. उभ्या पुण्यात असा इसम दुसरा नसेल. त्यानंतर नातेवाइकांकडे फोनवर नंबर दिसणारी यंत्रं आली, आणि काकांचा फोन कुणाकडेच लागेनासा झाला.

अशात वरदचं लग्न ठरलं. वरद म्हणजे काकांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा मुलगा. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होता, आणि मुलगी स्पृहा त्याच्याच ऑफिसातली. अण्णा वारलेले. वडील नसले की लग्नाआधीच्या पुण्याहवाचनाला काका-काकूंनी बसायचं, ही खांबेट्यांच्या घरातली रीत. बाळकाकांना मूल नव्हतं. वरदला सायकल त्यांनी शिकवली होती, कांजिण्या आल्या तेव्हा रात्रीच्या रात्री त्याच्या उशाशी ते बसले होते. ते पाट आपले, यात त्यांना तीळभर शंका नव्हती. पण लग्न तोंडावर आलं तरी नलूवहिनींचं, म्हणजे वरदच्या आईचं, अजून त्याबद्दल बोलावणं नव्हतं. काकांच्या जिवाला ते लागून राहिलं होतं.

“आपण केळवण करू,” ते म्हणाले. “आला की तो स्वतःच विषय काढेल.”

काकू म्हणाल्या, “करू. पण जेवायला बोलवायचं, धंद्याला नाही. तुमच्या परिवाराचं अवाक्षर निघालं, तर मी ताटावरून उठून जाईन.”

“शपथ,” काका म्हणाले, आणि ती त्यांनी मनापासून घेतली होती. परिवाराचे मंत्र लिहिलेला यशाचा फळा पलंगाखाली सारला. साबणांच्या खोक्यांवर चादर टाकली. अळूची पानं स्वतः मंडईत जाऊन, निवडून आणली. त्या रविवारची सभासुद्धा चुकवली, आणि रंगरावांचा फोन आला तेव्हा काकूंना “नाहीत म्हणून सांग” असं म्हणाले.

वरद आणि स्पृहा वेळेवर आले. नलूवहिनींचे गुडघे दुखत होते म्हणे. काकूंनी दोघांना ओवाळलं. अळू, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, ताटांभोवती रांगोळी. कशातही कसूर नव्हती. तरीही जेवण काही रंगेना. पोरगी ओठांनी हसत होती आणि डोळे दाराकडे. काका “बरं का वरद” म्हणाले की दोघांचेही हात थबकायचे. मग काका “आणखी एक जिलबी घे” म्हणायचे, आणि दोघं सुटल्यासारखी जेवू लागायची. दोन-तीनदा असं झालं. काकांना वाटलं, नवीन पोरगी आहे, लाजतेय.

हात धुऊन झाले, काकू सुपारीचं तबक घेऊन आल्या. विषय काही निघेना, तेव्हा काकांनीच धीर केला.

“वरद, तुझ्याशी एक बोलायचं होतं. म्हटलं तर घरचंच आहे—”

वरदनं स्पृहाकडे पाहिलं. स्पृहानं मान खाली घातली.

“काका, थांबा,” वरद म्हणाला. “तुम्ही उगाच त्रास घेऊ नका. आमचं ठरलंय. आम्ही दोघंही तुमच्या त्या परिवारात जॉइन होतो. काय भरायचं ते मी बरोबर आणलंय.” त्यानं खिशातून पैशांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“अरे, मी त्याबद्दल—”

“ऐका ना. फक्त एक करा. स्पृहाच्या घरची माणसं जरा वेगळी आहेत. कार्यालयात त्यांच्याशी हे काही बोलू नका. प्लीज. आई म्हणाली, तुम्ही तेवढा शब्द दिलात, तर पुण्याहवाचनाला तुम्ही आणि काकूच बसा.”

काकांना प्रथम नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. म्हणजे घरात यावर खल झाला होता. बाळकाकांना कार्यालयात आवरायचं कसं, यावर नलूवहिनी, वरदचे मामा, हा पोरगा, सगळे बसून बोलले होते. आणि तोडगा निघाला होता. मेंबर व्हायचं, पाट द्यायचा आणि तोंड बंद करायचं.

“मी आज काही विकणार नव्हतो रे,” ते म्हणाले.

“हो काका, माहितीये,” वरद म्हणाला. फार प्रेमानं म्हणाला. चार दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पाकीट उचलावं, पोराच्या खिशात परत कोंबावं आणि म्हणावं, गाढवा, मी तुझा काका आहे. एवढंच करायचं होतं. पण महिना संपत आला होता. महिन्याकाठी दोन माणसं जोडली नाहीत तर आजवर चढलेली पायरी खाली यायची, आणि ही दोन माणसं न बोलावता दारात येऊन बसली होती. साऱ्या वर्षात त्यांना कुणी आपणहून हो म्हटलं नव्हतं. आणि काकांनी आपलाच आवाज ऐकला.

“फॉर्म आत आहेत. आणतो.”

आत जाऊन त्यांनी खोक्यांवरची चादर बाजूला केली. अजून वेळ गेली नाही, ते स्वतःशी म्हणाले. बाहेर जाऊन सांगू, थट्टा केली म्हणून. पण बाहेर आले ते फॉर्म आणि पेन घेऊनच. वरदनं न वाचता सही केली, स्पृहानं त्याच्याखाली केली. पेनाचं टोपण लावता लावता काकांच्या तोंडून, रविवारी घोकून घेतात ते वाक्य बाहेर पडलं. “अभिनंदन! या एका निर्णयानं तुमचं आयुष्य बदलणार आहे!”

काकूंनी तबक टेबलावर ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. स्पृहाला काय करावं कळेना, ती पर्सचा बंद नीट करत बसली.

“निघतो काका,” वरद उठला आणि नमस्काराला वाकला. काकांनी पाय मागे घेतले. लहानपणापासून हा पोरगा त्यांच्या पाया पडत आला होता, पण आज त्याचा हात लागू द्यायची त्यांना लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. कारखान्यातून शेवटच्या दिवशी डबा घेऊन बाहेर पडले तेव्हाही नाही.

“काय झालं काका?”

“काही नाही. पुण्याहवाचनाला मामा-मामींना बसव,” काका म्हणाले. “माझी पाठ धरते हल्ली. इतका वेळ बसवत नाही.”

बोलले, आणि थांबले. आता पोरगा म्हणेल, असं काय करता काका. म्हणेल, तुमच्याशिवाय कोण बसणार. खोटं का होईना, एकदा तरी म्हणेल. मग आपण हे कागद त्याच्यादेखत फाडू, अगदी त्याच क्षणी फाडू.

“बरं काका,” वरद म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. “आईला सांगतो तसं.”

त्यानं चपला घातल्या. स्पृहा म्हणाली, “काकूंना सांगा हं, अळू फार छान झालं होतं.” दोघं जिना उतरू लागली. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर ती दोघं मोठ्यानं हसली, अगदी जीव भांड्यात पडल्यावर हसतात तशी. काका फॉर्म हातात धरून दारातच उभे होते. त्यांना ते स्पष्ट ऐकू आलं.