सातवा टोल

मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातलं एकही पोर विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी एक जुनी पितळी घंटा आहे, या शाळेच्या व्हरांड्यात चाळीस वर्षं टांगलेली, आणि खरंच बोल अशी सक्ती मला कुणी केलेली नाही.

माझं पितळ दौलताबादच्या तोफेचं. तोफ ओतून झाली, मूठभर रस उरला, त्यातून मी झाले.

"हळू फेक, घंटाआजी!"

हा शंतनू. मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याखाली बसतो, माझंच ऐकतो आणि मलाच हसतो.

पूर्वी दर शनिवारी मला चिंच लावून घासत. साहेब तपासणीला आले की म्हणत, "काय नाद आहे!" मग विजेची घंटा आली आणि माझ्यात कोळ्यानं घर केलं. पण वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कडुबामामा शिपाई सकाळी अजून मलाच बडवतात. सातला सात टोल. सातव्याला फाटक बंद.

पोरं कशी येतात ते मी वरून बघते. डोळे अर्धे मिटलेले, पाय ओढत. एक जण तर प्रार्थनेत उभ्या उभ्या घोरायचा. बाईंना वाटायचं, सूर धरतोय. मंजुषा मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "रात्रभर मोबाइल! दुसरं काय?"

सातवीतल्या स्वरालीकडे मोबाइल नव्हता. नळ होता. तिच्या गल्लीला आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही पहाटे तीनला. वडील शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळीला. आई हंडे वर चढवायची, स्वराली खाली मोटारीपाशी पाइप धरून उभी. पाचला पाणी गेलं की 'जरा पाठ टेकते' म्हणून आडवी व्हायची, आणि तिथंच घात व्हायचा. दोनदा तिला फाटकावरून घरी धाडलं होतं.

गेल्या महिन्यात सहामाहीचा गणिताचा पेपर नेमका पाण्याच्या दिवशी आला. मॅडमनी आधीच बजावलं होतं, फाटक लागलं की पेपरात शून्य.

सात वाजले. कडुबामामांनी हातोडी उचलली. एक. दोन. तेवढ्यात कोपऱ्यावर स्वराली दिसली, वेणी एकच घातलेली. तीन.

"मॅडम, पोरगी पळत यायली. दोन मिन्टं थांबू का?"

"मामा, आज हिच्यासाठी थांबलात तर उद्या अख्खी शाळा लोळत येईल. वाजवा."

"पेपर हाय वो तिचा."

"वाजवा म्हणते ना!"

चार. ती चहाच्या टपरीपाशी. पाच. बूट निसटला, घ्यायला वळली, मग तसाच टाकून पळाली. सहा. तिच्या ओल्या बाह्या मला इथून दिसत होत्या. फाटक वीस पावलांवर.

आणि मित्रांनो, सातव्या टोलाला मी श्वास रोखला! कडुबामामांनी जीव खाऊन हातोडी हाणली, पण 'ठण्ण' सोडा, 'टुक्क'सुद्धा नाही. मॅडम बघतच राहिल्या. फाटक उघडंच. स्वराली आत आली, तिनं पेपर लिहिला, पंचवीसपैकी तेवीस! मॅडमनी तिला जवळ बसवून पहाटेचं सगळं विचारलं आणि डोळे पुसून म्हणाल्या, "चुकलं आमचं. झोपेतल्या पोराला गणित शिकवून काय उपयोग?" म्हणून सांगते, पितळ घासून चमकतं, पोर झोपून. मोठ्यांनी तेवढं जपावं. दुसऱ्याच दिवसापासून आपली शाळा नऊला भरायला लागली आणि...

"खोटं!"

हा शंतनू नव्हता. मागून स्वराली उठली होती. डोळे लाल.

"सातवा टोल पडला, आजी. लई जोरात पडला. कडुबामामांनी डोळे मिटून हाणला. माझा हात फाटकाला लागला होता. आणि शाळा अजून सातलाच भरती." तिनं डब्याचं झाकण लावलं. "उद्या पाणी हाय आमच्याकडं."