परतबाई

“मेलेल्या माणसाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन काय करतंय, एवढंच सांगा मला,” मुलगी म्हणाली.

ती दारात उभी होती. आतही येत नव्हती आणि जातही नव्हती. जिन्याखालच्या त्या खोलीत तशी दोघींना जागाही नव्हती. भिंतीला टेकलेले वॉकर, एकीवर एक पालथ्या घातलेल्या कमोडच्या खुर्च्या, फळीवर गुंडाळून ठेवलेल्या हवेच्या गाद्या, आणि या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर परतबाई.

तिला एक चांगलं नाव होतं, पण ते आता तिला स्वतःलाही परकं वाटे. वॉर्डातल्या सिस्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्या हॉस्पिटलची ती परतबाई. लोकांनी दान दिलेल्या वस्तू पेशंटच्या घरी फुकट वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या, हे तिचं काम. देताना दर वेळी ती बजावायची, “परत आणून द्या हं. मागे कोणीतरी थांबलेलं असतं.” वर्षानुवर्षं हेच एक वाक्य बोलणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? ती स्वतः इथे पहिल्यांदा आली, तीसुद्धा नवऱ्याची चाकांची खुर्ची परत करायला. खुर्ची दिली, जरा टेकली, आणि उठून घरी कोणाकडे जायचं तेच तिला सुचेना. खुर्ची पुढे कितीतरी घरं फिरून आली. बाई इथेच राहिली.

“मशीन त्या शिंप्याच्या घरी आहे, हे खरं,” ती म्हणाली. “पण आमची एक रीत आहे, बाळा. दुःखाच्या घरी मागायला जायचं नाही. सावरले की लोक आपणहून आणून देतात.”

“आणि ते सावरेपर्यंत माझ्या बाबांनी काय करायचं? श्वास रोखून धरायचा?”

परतबाईने वर छताकडे पाहिलं.

मुलीचे बाबा वरच्या मजल्यावर होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. फुप्फुसं इतकी थकली होती की डॉक्टरांनी सकाळी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरी न्यायचं असेल तर आजच न्या, उद्याचं मी सांगू शकत नाही. पण घरी ऑक्सिजनचं मशीन असल्याशिवाय मी सोडणार नाही. बाबांचा एकच हट्ट होता. त्यांच्या खिडकीखाली बस वळते. कोणता ड्रायव्हर गिअर नीट टाकतो आणि कोणता गाडीचे हाल करतो, हे त्यांना पडल्या पडल्या ऐकायचं होतं. “या पंख्याकडे बघत मरायला लावू नकोस,” एवढंच ते म्हणत होते. बाजारात मशीन भाड्याने मिळे, पण अनामत रकमेचा आकडा ऐकूनच मुलगी दुकानाची पायरी उतरली होती. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. ॲम्ब्युलन्सवाल्याला मात्र तिने आधीच दुपारचं सांगून ठेवलं होतं. आशा अशीच असते, आधी गाडी ठरवते आणि मग सामान शोधते.

शिंपीणबाई गेली, असं परतबाईला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नसे. परवा शिंप्याचा शेजारी वॉकर आणि कमोडची खुर्ची एकदमच आणून दारात ठेवून गेला. “शिंप्यांनी पाठवलंय,” म्हणाला, आणि स्कूटर रस्त्यात लावलीय म्हणून पळाला. या दोन वस्तू एकदम परत येतात त्या एकाच कारणाने, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं. मशीन मागाहून येतं. ते जड असतं, आणि त्याला हात लावायला घरच्यांचं मन लवकर धजत नाही. तिने खुर्ची जंतुनाशकाने पुसली होती आणि पुसता पुसता मनातल्या मनात शिंपीणबाईला हात जोडले होते.

तिने शिंप्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दुःखाच्या घरात फोन कोण उचलतो?

“चल,” ती उठली. “रीत गेली खड्ड्यात. पण तू रिक्षातच बसायचं. वर मी एकटी जाणार.”

“मी काही बोलणार नाही.”

“तुझं तोंड न बोलताही बोलतं. खालीच बस.”

रिक्षा निघाली. मुलगी सारखी फोनकडे बघत होती. परतबाई मनात वाक्यं जुळवत होती. ‘तुमच्या दुःखात त्रास द्यायला आले, माफ करा.’ नको. ‘त्यांचं मशीन आता दुसऱ्याचा जीव सांभाळेल.’ हे तर पाटीवर लिहिल्यासारखं झालं. एकही वाक्य धड होईना, तोवर घर आलं.

पहिल्या मजल्यावर दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. शिंपी बाहेर आला. दाढी वाढलेली, गळ्यात मापाची टेप तशीच. परतबाईने पदर सावरला.

“फार वाईट झालं हो,” ती हळूच म्हणाली. “कळलं मला.”

“काय करणार,” शिंपी म्हणाला. “परवापासून तर उठवतही नाही.”

“तुम्ही धीर धरा. जेवताय ना काही?”

“मी कसला जेवतोय. तिनं दोन घास खाल्ले तर मला जातील.”

तेव्हा कुठे परतबाईची नजर त्याच्या हातांकडे गेली. एका हातात वाटी होती, दुसऱ्यात चमचा. चमच्याला भात चिकटलेला होता, मऊ, कालवलेला.

“कोण आलंय?” आतून आवाज आला. बारीक, पण चांगला खणखणीत.

 परतबाईने दाराची चौकट धरली.

“परतबाई आल्यात गं,” शिंप्याने सांगितलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. “या ना, आत या. तिला बरं वाटेल. फोनचा आवाज मी बंदच करून ठेवलाय, जरा डोळा लागला की नेमका तोच वाजतो.”

आत खाटेवर शिंपीणबाई उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनमध्ये, आणि मशीन आपलं इमानेइतबारे घुरघुरत होतं. तिने परतबाईकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, मग पुन्हा परतबाईकडे. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं केलेली बाई. टाका कुठे चुकला ते तिला लगेच दिसत असणार.

“वॉकर मिळाला ना?” तिने विचारलं. शब्दाशब्दाला ती दम घेत होती. “नुसताच उभा असायचा इथे, पाहुण्यासारखा. म्हटलं, मी काही आता चालत नाही. दुसरं कोणीतरी चालू दे. खुर्चीचंही तेच. तुम्ही खूश व्हाल वाटलं, न मागता परत आलं म्हणून.”

“झाले ना. खूप खूश झाले,” परतबाई म्हणाली.

“मग तोंड असं का?”

परतबाईने एवढ्या वर्षांत रडणारी माणसं पाहिली होती, भांडणारी पाहिली होती. चुकून जिवंत सापडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला वाटलं मी गेले,” शिंपीणबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, थोडी गंमतच होती. “अहो, आहे अजून. जरा कळ काढा.”

“काहीतरीच काय बोलतेस,” शिंपी म्हणाला. आता त्यालाही कळलं. वाटी त्याने खाली ठेवली नाही, उलट छातीशी धरली.

जिन्यावर पावलं वाजली. परतबाईला न वळताच समजलं. मुलगी खाली बसून राहणारी नव्हतीच. ती दाराशी आली, खाटेकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. तिच्या नाकपुड्या फुलल्या. परतबाई मनात म्हणत होती, बोलू नकोस, बाळा, काही बोलू नकोस. आणि त्याच वेळी तिला हेही कळत होतं, की बोलायचा हक्क असलाच तर त्या खोलीत तो या एकाच पोरीला होता.

शिंपीणबाईने नळी हाताने सारखी केली. हसू आता गेलं होतं.

“खरं सांगा,” ती परतबाईला म्हणाली. “उगाच नाही आलात तुम्ही. मागे कोणी थांबलंय का? दुपारची मी जरा वेळ राहीन याच्याशिवाय. मला जमतं.”

तिच्या ओठांचा रंग बघूनच कळत होतं, की जमत नव्हतं. शिंपी जागचा हलला नाही. परतबाईने तोंड उघडलं. तिला खोटं बोलता येत नसे. तेवढी एक गोष्ट या कामात तिला कधी शिकावी लागली नव्हती.

“कोणी नाही थांबलेलं,” मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आणि ही कोण?” शिंपीणबाईने विचारलं.

“मी मशीनवाली. सर्व्हिसिंग करते.” ती सरळ आत आली आणि मशीनपाशी उकिडवी बसली. “यांना म्हटलं होतं, खूप दिवस झाले, एकदा बघून घेऊ. यांचं तोंड असंच असतं, सकाळपासून बघतेय मी.”

शिंपीणबाई क्षणभर तिला निरखत राहिली. मग उशीवर मान टेकली आणि डोळे मिटून घेतले. तिला पटलं की तिने पटवून घेतलं, ते परतबाईला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

मुलीने मशीनवरून हात फिरवला. कुठे काय उघडतं हे तिला माहीत असणं शक्यच नव्हतं. तिने परतबाईकडे पाहिलं.

“काय करायचं, बाई?”

“मागची जाळी काढ,” परतबाई म्हणाली. “आत स्पंज असेल. तो नळाखाली धू.”

मुलीने जाळी काढली. स्पंज धुळीने काळाकुट्ट झाला होता. तो घेऊन ती मोरीपाशी गेली. शिंपी पुन्हा खाटेच्या कडेला टेकला. “आ कर,” म्हणत त्याने चमचा पुढे केला, आणि बायकोने डोळे न उघडताच तोंड उघडलं.

मुलीच्या पिशवीत फोन वाजायला लागला. नळाच्या आवाजातही तो ऐकू येत होता. ॲम्ब्युलन्सवाला असणार. थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.

“उचल ना गं, पोरी,” शिंपी म्हणाला. “काम असेल कोणाचं.”

“हात ओले आहेत,” ती म्हणाली.

पाठ वळवून ती स्पंज पिळत राहिली, पुन्हा भिजवून पुन्हा पिळत राहिली. त्यातून केव्हाचं स्वच्छ पाणी येत होतं.