घोंगडीची उसवलेली शिवण

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. अंगाला टोचते म्हणून हल्ली मला कोणी पांघरत नाही. ज्वारीच्या पोत्यांखाली अंथरून ठेवतात आणि उंदरांना मोकळं रान देतात. एखादं काम रेंगाळलं की 'भिजत घोंगडं पडलंय' असं लोक खुशाल म्हणतात. मी जन्मभर पावसात भिजले, पण माझ्यापायी कोणाचं काम अडल्याचं मला आठवत नाही. अडलं ते एकदाच, आणि तेही मी कोरडी ठणठणीत असताना. तेच सांगते.

माझा जन्म म्हसवडचा. धुळा धनगरानं मेंढ्यांची लोकर कातरली, त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, तिचं सूत काढलं आणि केरबा सणगरानं मला मागावर विणलं. माग अरुंद असतो. म्हणून घोंगडीच्या दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध शिवण घालून जोडायच्या. मग चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात वाळवलं. केरबा म्हणाला, "पाऊस निथळंल, थंडी जवळ यायची न्हाई." आपल्या मालाचं कौतुक सगळेच करतात, पण केरबाचं खरं होतं.

दिवाळी झाली की धुळाचा कळप माणदेश सोडून कृष्णाकाठी उतरायचा. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. आज या रानात, दोन दिवसांनी त्या. मुक्कामाला पोचलं की आधी मला अंथरायचं. माझ्यावर लेकरू, पिठाचं गाठोडं, तवा. कडेला बसायचा ढाण्या, म्हणजे धुळाचा कुत्रा. धुळानं त्याला पिल्लू असल्यापासून एकच धडा दिला होता. घोंगडी पसरली की तेवढं आपलं घर, तिथं परका माणूस फिरकता कामा नये. ढाण्या तो धडा कधी विसरला नाही. फार इमानी जात बघा, आणि फार हट्टीही.

सन त्रेचाळीसला धुळा पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला. त्याच हिवाळ्यात त्याची लेक रंगू बांधावरून पडली आणि तिचा पाय मोडला. इस्लामपूरच्या दवाखान्यात पाय बांधला, पण डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला हलवायचं नाही, नाहीतर जन्माची लंगडी होईल. कळप तर हलणारच. मग कळप धाकट्या दिरानं, आकारामनं, पुढं नेला आणि दगडाबाईनं तिथंच गावात तात्याबाची एक खोली भाड्यानं घेतली. आईवेगळं एक कोकरू रंगूला सोडेना, ते आलं. ढाण्या आला. मी तर आलेच.

तात्याबा हा उसाचा शेतकरी, वाईट माणूस नव्हता. खोली देताना एवढंच म्हणाला, "जनावरं हायती, ऱ्हाऊ देत. पर आमाला तरास नगं."

त्रास झाला तो माझ्यामुळे. एका सकाळी दगडाबाईनं मला ऊन दाखवायला सगळ्यांच्या वापरातल्या ओसरीवर पसरलं. धनगराच्या बाईला त्यात वावगं काय वाटणार? पण ढाण्यानं मला बघितलं आणि येऊन कडेला बसला. झालं, ओसरी त्याची. थोड्या वेळानं तात्याबा आपल्या व्याह्यांना घेऊन घरी आला. ढाण्या दात विचकून उभा. व्याही रस्त्यावर, तात्याबा रस्त्यावर, आणि घर आत. दगडाबाई आडावरून धावत येईपर्यंत अख्खी गल्ली गोळा झाली होती.

"माझ्याच घरात मला बंदी व्हय?" तात्याबा ओरडला. "कोकरू ठेव. ह्ये कुत्रं येत्या बाजारापतुर गेलं पायजे. न्हाईतर तुझी भांडी भाईर."

"आवं तात्याबा, त्याला काय कळतंय..."

"मला कळतंय न्हवं? पावण्यांम्होरं अब्रू गेली माझी."

तात्याबाच्या बायकोनं, तानुबाईनं, मध्ये पडून बघितलं, पण तो ऐकेना. खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. स्वतःच्या दाराबाहेर पाहुण्यांसमोर उभं राहावं लागलं तर कोणालाही लागेलच.

आकारामनं ढाण्याला दोर बांधून तळावर नेलं. दुसऱ्या दिवशी तुटका दोर गळ्यात घेऊन तो परत दारात. पुन्हा नेलं, पुन्हा आला. बाजार तोंडावर आला आणि तात्याबानं खोलीतली चूल विझवायला सांगितली. दगडाबाई भिंतीला टेकून बसली. एका बाजूला लेकीचा पाय, दुसऱ्या बाजूला नवऱ्यानं लेकरासारखा वाढवलेला कुत्रा. लढाईवरून आल्यावर त्यानं ढाण्या कुठं म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. ढाण्या आला तो रंगूकडे गेला नाही, भाकरीकडेही गेला नाही. सरळ येऊन माझ्या कडेला बसला.

"भावजी," ती त्याला न्यायला आलेल्या आकारामला म्हणाली, "ह्यो आमच्यासाठनं येत न्हाई. ह्यो घोंगडीच्या राखणीला येतोय."

"मग घोंगडी देतीस का, वैनी?"

"आन पोरीच्या अंगाव काय घालू? पुसाची थंडी हाय."

 मग तिनं दाभण काढलं आणि माझी मधली शिवण उसवायला घेतली. दुखलं का, असं विचारू नका. दुखलं. एक पट्टी तिनं रंगूवर घातली, दुसरी आकारामच्या खांद्यावर टाकली. स्वतः त्या थंडीत लुगड्याच्या पदरावर निजली. ढाण्याला तिनं गळ्याशी धरलं आणि सांगितलं, "तितंच ऱ्हा. आमी येतो."

या खेपेला ढाण्या परत आला नाही. खोली टिकली. रंगू माझ्या अर्ध्या अंगाखाली रडायची आणि मला तिला पुरंही पडता येत नव्हतं.

रंगूचा बांधलेला पाय सोडला तेव्हा उन्हाळा लागला होता. तात्याबानं तळापर्यंत बैलगाडी दिली आणि जाताना म्हणाला, "पुढच्या साली खोली लागली तर ये." कुत्र्याचं नाव त्यानं काढलं नाही, आणि दगडाबाईनंही काढलं नाही.

तळावर माझी दुसरी पट्टी बाभळीखाली अंथरलेली होती. ढाण्या तिच्या कडेला बसलेला. फार वाळला होता. आम्हाला बघून तो धावत येईल असं वाटलं, पण तो जागचा हलला नाही. नुसती शेपटी आपटत राहिला.

"असंच करतोय," आकाराम म्हणाला. "भाकरी बी तितंच न्यावी लागती, वैनी."

रंगू काठी टेकत, पाय ओढत गेली आणि त्या पट्टीवर बसली. तेव्हा कुठं ढाण्या उठला. तिच्या मांडीत तोंड घातलं आणि कण्हल्यासारखा आवाज काढत राहिला. खोलीत एकदाही न रडलेली दगडाबाई मटकन खाली बसली. "ऱ्हा म्हणलं हुतं मी त्याला," ती रडत म्हणाली. "ऱ्हायला गं बाई माझा."

माझी शिवण तिनं पुन्हा घातली. वाकडी आहे, पण पक्की आहे.

मित्रांनो, घर सोडायची पाळी कोणावरही येते. तेव्हा तुम्ही तवा बांधाल, पाटावरवंटा बांधाल, देव तर आधी बांधाल. पण घरच्या जनावराला, आपण कुठं चाललो, हे कोणी सांगत नाही. त्याला सोबत नेता आलं तर न्याच. नाहीच जमलं, तर तुमच्या वासाचं काहीतरी त्याच्यापाशी ठेवा. आणि येतो म्हणून सांगितलं असेल, तर जा. ते वाट बघत बसलेलं असतं.