न गळणारा टाका

न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाला बोकडाचं आतडं सुतळीनं बांधून डॉक्टर हौशीराम गाडे उकिडवे बसले होते. आतडं मधोमध कापून पुन्हा शिवलेलं होतं, आणि त्या शिवणीतून पाणी ठिबकतंय का ते डॉक्टर डोळे बारीक करून बघत होते. तेवढ्यात कस्तुराबाई आंघोळीला आल्या.

कस्तुराबाई सुदुंबऱ्याच्या माळकरी घरातल्या. माहेरी अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. त्या दारातच थबकल्या, पदर नाकाला लावला आणि नवऱ्याला म्हणाल्या की जनावरांचा डॉक्टर केला हे कबूल, पण खाटीक केल्याचं आठवत नाही. दवाखान्यातल्या नळाला धार नाही, म्हणून घरी आणलं, असं डॉक्टरांनी वळून न बघताच सांगितलं. मग हरखून म्हणाले, "बघ तरी. एक थेंब नाही."

"बघितलं. आता माझा नळ सोडा."

बायकोला काय कळणार म्हणा. तिलाच कशाला, लोणावळ्यात कुणालाच काही कळत नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं.

गाडे डॉक्टरांची सगळी नोकरी मावळातल्या गुरांमागं गेली. अडलेली म्हैस, फाळ लागलेला बैल, फऱ्या-घटसर्पाच्या साथी. हात खांद्यापर्यंत घालायचा आणि बाहेर काढून धुवायचा, असलं काम. पन्नाशी जवळ आली तेव्हा खात्याचा हुकूम आला, की मुंबईला जाऊन लहान जनावरांच्या शस्त्रक्रियेचं वरचं शिक्षण घ्या. लहान जनावरं म्हणजे कुत्री-मांजरं, आणि शस्त्रक्रिया हाडांची नव्हे, पोटातल्या मऊ अवयवांची. आता तालुक्यात कुत्र्याचं पोट फाडून घ्यायला येणार कोण, हा विचार खात्यानं केला नव्हता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. ज्याला जायचं होतं त्याच्या घरी लग्न निघालं, म्हणून गाड्यांचं नाव घातलं, इतकंच.

मुंबईत बरोबर शिकायला सगळी कोवळी पोरं. त्यांची बोटं अशी चालायची की जणू सुईत दोरा ओवूनच जन्माला आली होती. म्हशीच्या पोटात वावरलेल्या हाताला करंगळीएवढं आतडं धरायचं म्हणजे ताप. शिकवणारे सर प्रत्येकाची शिवण पाणी भरून तपासायचे आणि गाड्यांची शिवण रोज गळायची. "गाडे, हा टाका बैलाचा झाला," असं ते एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. पोरं हसली. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं. परत आल्यावर बाजारातल्या खाटकाला सांगून ठेवलं आणि आतडी आणून शिवायचा सपाटा लावला.

शिवून करायचं काय, ते मात्र देवाला ठाऊक. शनिवारी बंगल्यांवर येणारी मुंबईची मंडळी आपली कुत्री घेऊन यायची, पण त्या कुत्र्यांना एकच रोग, चिक्की फार खाल्ल्याचा. एका बाईंच्या कुत्रीच्या पोटात गाठ लागली, तेव्हा डॉक्टर मोठ्या उमेदीनं म्हणाले की मी काढतो. बाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा भिंतीवरच्या पालीकडं बघितलं आणि मोटार मुंबईकडं वळवली. शेतकरी निराळेच. कुणी बैल घेऊन आला की आधी विचारायचा, "डागदर, तुमी आता कुत्र्यांचंच बगता म्हनं?" वरचे साहेब तर विसरूनही गेले होते की आपणच ह्यांना शिकायला धाडलं. ते लशीचे आकडे मागायचे. डॉक्टर चिडायचे, दवाखान्यातला ड्रेसर कोंडाजी ह्याच्यावर ओरडायचे आणि संध्याकाळी पुन्हा आतडं शिवायला बसायचे.

वैशाखात एका सकाळी दुधाच्या गाडीतून सारजाबाई उतरली. टाकव्याच्या वर डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथली ही म्हातारी. काखेत लुगड्याच्या धडप्याची झोळी आणि झोळीत कुत्रा, भुऱ्या. पाणवठ्यावर रानडुकरानं त्याचं पोट फाडलं होतं. म्हातारीनं बाहेर आलेली आतडी धुऊन आत लोटली होती, वरून फडकं आवळलं होतं आणि अंधारातच डोंगर उतरली होती.

कोंडाजीनं फडकं उचलून बघितलं आणि हळूच सांगितलं की साहेब, ह्यात काही राम नाही, इंजेक्शन देऊन झोपवून टाकू. सारजाबाईनं ते ऐकलं. ती डॉक्टरांकडं वळली.

"मला पोर न्हाई, बाळ न्हाई, डागदर. चार शेरडं हायेत आन् ह्यो हाय. बिबट्या दोनदा दारात आलता, ह्यानं हाकलला. ह्यो गेला का शेरडं गेली, शेरडं गेली का मी गेले. शिवा त्याला."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. हत्यारं उकळली, भूल दिली, कोंडाजीला खिडकीशी आरसा धरून उजेड पाडायला उभं केलं. आतड्याचा वीतभर भाग काळा पडला होता. तो कापला आणि दोन्ही टोकं जुळवून शिवायला घेतलं. शिवून झाल्यावर पिचकारीनं मिठाचं पाणी आत भरलं, दोन्हीकडून बोटांनी दाबलं. एक थेंब बाहेर आला नाही.

"गळत नाही की हो, साहेब," कोंडाजी म्हणाला. त्याच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की त्या आनंदातही डॉक्टरांना त्याचा राग आला.

खरी कटकट पुढंच होती. आतड्याची शिवण धरेपर्यंत पोटात अन्नाचा कण जाता कामा नये. कातडीखाली सलाइन द्यायचं, ओठ ओले करायचे, बस्स. पण हे मावळातल्या माणसाला पटवणं म्हणजे डोंगराला सरक म्हणण्यासारखं. आजाऱ्याला खाऊ घालायचं नाही तर करायचं काय? भुऱ्या भुलीतून डोळे उघडतो न उघडतो तोच सारजाबाईनं पदराची गाठ सोडली आणि नाचणीची भाकरी काढली. डॉक्टरांनी ती हिसकावून घेतली.

"मावशे, ही भाकरी दिलीस तर तूच त्याला मारशील. भाकरीचा तुकडासुद्धा नको. ऐकलंस?"

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरच्या टांगेवाल्यानंही ऐकलं. कोंडाजीला दम दिला. बैल घेऊन आलेल्यांना दम दिला. तरीही एकानं शेंगदाणे पुढं केलेच. शेवटी कंटाळून डॉक्टरांनी भुऱ्याला उचललं आणि दवाखान्यामागच्या आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर नेऊन बांधलं. तिथं कुणी फिरकणार नव्हतं. राहता राहिल्या कस्तुराबाई. पण ज्या बाईनं आतड्याला बघून नाक दाबलं, ती ह्या घाणेरड्या कुत्र्याजवळ जाईल कशाला? तिला काही सांगायची गरजच त्यांना वाटली नाही. सारजाबाई आवारातल्या जांभळीखाली बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भुऱ्या उठून उभा राहिला. डॉक्टरांना बघून त्यानं शेपूट हलवली. डॉक्टर त्या कुत्र्यापाशी मांडी घालून बसले, त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो गुरं वाचवली असतील, पण इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मुंबईच्या सरांना सांगावं असंही वाटून गेलं.

आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा निरोप आला. पाऊस तोंडावर आला, कान्ह्याकडच्या गावांची घटसर्पाची लस राहिलीय, आत्ताच्या आत्ता निघा. डॉक्टरांनी साहेबांच्या नावानं बोटं मोडली, कोंडाजीला बरोबर घेतलं आणि निघाले. दिवसभर उन्हात बैलांच्या मानेत सुया खुपसत होते आणि मन इकडं ओसरीवर होतं.

परत आले तेव्हा भुऱ्या कोपऱ्यात मान टाकून पडला होता. ओकला होता. पोट फळीसारखं ताठ झालं होतं. त्यानंतर डॉक्टरांनी जे जे येत होतं ते ते केलं, मुंबईच्या सरांना फोन लावायला स्टेशनवर जाऊन आले, तो लागला नाही. दुसऱ्या सकाळी कुत्रा गेला.

डॉक्टर ओसरीवरून उठले ते तरातरा जांभळीखाली. दवाखान्यासमोर पाचसहा माणसं गुरं घेऊन उभी होती, त्यांच्यादेखत ते सारजाबाईवर कडाडले. भाकरी दिलीस ना शेवटी? मी नसताना जाऊन दिलीस ना? नको नको म्हणून घसा फोडला, तुमच्या डोक्यात शिरतं काय? माझ्या हातानं जिवंत केलेला जीव तू मारलास.

म्हातारी ऐकून घेत राहिली. आपला भुऱ्या गेला हे तिला ह्या शिव्यांमधूनच कळत होतं. तिनं पदराची गाठ चाचपली आणि सोडून दाखवली. आत वाळून कडक झालेल्या दोन भाकऱ्या होत्या.

"न्हाई दिली, डागदर. तुमी नको म्हनला त्या येळंपास्नं म्याबी तोंडात घातली न्हाई. त्यो उपाशी आन् मी खाऊ व्हय?"

डॉक्टरांना ते खरं वाटेना. त्यांनी कोंडाजीला हाक मारली, कुत्रा आत टेबलावर घेतला आणि पोट पुन्हा उघडलं.

टाके सगळे जागच्या जागी होते. एकही सुटला नव्हता. पण दोन टाक्यांच्या मधलं आतडं भार सोसेना म्हणून फाटलं होतं, आणि त्यातून पोटभर पसरली होती भाताची शितं. पांढरी, बारीक, मऊ शिजलेली आंबेमोहराची शितं. ठाकरवाडीत वैशाखात नाचणीसुद्धा पुरत नाही, आंबेमोहोर कुठला. तो डॉक्टरांच्याच घरातला, सासुरवाडीहून आलेला.

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. दुपारची वेळ, कस्तुराबाई एकट्या जेवायला बसलेल्या, दारात उपाशी जीव टक लावून बघतोय. दारातला जीव उपाशी ठेवून घास गिळायचा हे त्या बाईला आईनं शिकवलंच नव्हतं. भाकरी नको हे तिनंही ऐकलं होतं. बरोबरच आहे, आजाऱ्याला भाकरी जड. म्हणून तिनं आजाऱ्याला देतात तेच दिलं. मऊ भात, त्यावर दूध, बोटांनी कालवून. ज्या कुत्र्याला एरवी हातही लावला नसता त्याच्यापुढं बसून घातला असेल. आणि हे एकट्या त्याच घरात सांगायचं राहिलं होतं.

"साहेब," कोंडाजी म्हणाला, "हा भात तर..."

डॉक्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं की कोंडाजीनं वाक्य गिळलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ती शितं धुऊन काढली आणि पोट पुन्हा शिवलं. मेलेल्या कुत्र्याचं पोट इतक्या बारीक टाक्यांनी कोणी शिवत नाही.

बाहेर आले तेव्हा जांभळीखाली सारजाबाईजवळ कस्तुराबाई उभ्या होत्या. दवाखान्याच्या आवारात त्या कधी येत नसत. त्यांचं तोंड उतरलं होतं. माणसं अजून होतीच, पुढं काय होतं ते बघायला थांबलेली.

"कशानं गेला?" कस्तुराबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी हात पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "टाका सुटला. मावशे, तुझी काही चूक नाही. मी उगीच तोंड टाकलं तुझ्यावर. माझाच टाका कच्चा निघाला."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारात जाणार, आठवड्यात कामशेतला आणि मग साहेबांच्या कानावर, हे डॉक्टरांना दिसत होतं. सरकारी खर्चानं मुंबईला शिकून आला आणि पहिलंच कुत्रं मारलं. ह्यापुढं ह्या तालुक्यात कुणी त्यांच्याकडं पोट उघडायला जनावर आणणार नव्हतं. एवढा वैताग ज्याच्यासाठी केला ते सगळं त्या एका वाक्यात संपलं.

सारजाबाई कुत्र्याची झोळी घ्यायला उठली आणि झोक जाऊन पुन्हा खाली बसली. "असू द्या, डागदर," ती म्हणाली. "कुत्र्यासाटी एवडं कोन करतं? आता रातचं मीच जागायचं, दुसरं काय."

कस्तुराबाईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि घरी नेलं. भुऱ्या बांधला होता त्या ओसरीवरच तिला पाट मांडला. म्हातारी घरात येईना, म्हणून तिथंच. ताटात भात वाढला, वर दूध घातलं. म्हातारीनं आधी नको म्हटलं, मग जेवू लागली. डॉक्टर खांबाला टेकून बसले होते.

कस्तुराबाई पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. मग म्हातारीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "अहो, त्याला दूधभात चालत होता ना?"

औषधपाण्यात कुणी चुकीचं बोललं तर गाडे डॉक्टर साहेबांचीसुद्धा भीड ठेवत नसत. कोंडाजी तर रोज शिव्या खायचा. त्यांनी बायकोकडं बघितलं. पळीतलं दूध खाली ओघळत होतं, तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"चालत होता की," ते म्हणाले. "मलाही वाढ थोडा."

कस्तुराबाईंनी वाढला. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि तो सगळा संपवला.