भिंतीतले सासरे

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, दाराशी चपलांचा ढीग आणि आत मावली नाहीत ती जिन्यात माना उंचावून उभी. सगळ्यांचे डोळे एकाच भिंतीवर. प्लायवूड ठोकलेल्या त्या भिंतीला कान लावून भिंतबाबा उभा होता. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. भिंतीशी बोलतो एवढी ओळख लोकांना पुरली होती.

"काका, आलात का?" बाबाने खर्जात विचारलं.

ठक्क!

आवाज भिंतीच्या आतून आला. जमलेल्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. एका बाईने घाबरून शेजारणीचा दंडच धरला.

"आत्मा हजर आहे," बाबा म्हणाला. "सूनबाई, पुढचा ग्लास!"

सूनबाई आत स्वयंपाकघरात, सिंकपाशी. आत्म्याला तहान लागते, म्हणून दर प्रश्नाला ताज्या पाण्याचा एक ग्लास भिंतीपाशी ठेवायचा, आणि तो तिनेच भरायचा, हा बाबाचा नियम. मेलेल्या माणसाला तहान लागते हे ऐकून एकालाही हसू फुटलं नाही. उलट ग्लास कमी पडले तेव्हा शेजाऱ्यांनी धावत जाऊन आपल्या घरचे आणून दिले.

सासरे गेले आणि आठवड्याभरात भिंतीतली ही ठकठक सुरू झाली. तीही सून स्वयंपाकघरात असली तरच. सून बाहेर गेली की भिंत चिडीचूप. सासूबाईंनी हे बरोबर हेरलं आणि बाबाला बोलावलं. बाबाने आल्या आल्या निकाल देऊन टाकला. म्हणे, हिने म्हाताऱ्याचे हाल केले, वेळेवर पाणीसुद्धा दिलं नाही, म्हणून तो हिचा पिच्छा सोडत नाही.

काय बोलायचं याला! शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईने नोकरी सोडून त्या म्हाताऱ्याला भरवलं होतं, पुसलं होतं, कुशीवर वळवलं होतं. आणि त्याच्या खोलीत नाकाला रुमाल लावून डोकावणारी माणसं आज हॉलमध्ये बसून मान डोलवत होती. वाईट याचं की रोज तेच ऐकून तिचाही धीर सुटला होता. एखाद्या वेळी झाला असेल का आपल्याला उशीर, असं तिच्याही मनात यायला लागलं होतं.

आज तिचा फैसला होता.

"काका, ही सून घरात नको ना?"

ठक्क!

"हिला माहेरी धाडायचं?"

ठक्क!

तिचा नवरा खाली मान घालून ऐकत होता.

"आणि काका, तुमची नात? ती आईबरोबर जाणार नाही, इथेच राहणार. बरोबर?"

आत सूनबाईचा ग्लास काठोकाठ भरला होता. लेक आपल्यापासून तोडणार हे ऐकून ती हॉलच्या दाराकडेच बघत राहिली. नळाच्या दांड्यावरचा हात खाली जायलाच तयार होईना. गेला तो अगदी हळू, कसाबसा. पाण्याची धार बारीक होत होत थांबली.

भिंत गप्प.

"काका? बोला काका!" बाबाने आवाज चढवला. भिंत गप्पच.

सूनबाईने नळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. पुन्हा नळ सोडला, पुन्हा हळूहळू बंद केला. आवाज नाही. इतके दिवस झोपलेली तिच्यातली विज्ञानाची बाई खडबडून जागी झाली. तिने तिसऱ्यांदा नळ सोडला आणि सिंकपाशी उभी राहूनच हॉलला ऐकू जाईल असं विचारलं,

"मामंजी, हा बाबा लबाड आहे का हो?"

आणि दांडा खटकन खाली पाडला.

ठक्क!

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. बाबाच्या तोंडचं पाणीच पळालं. "हा... हा दुसराच कुणी खोटारडा आत्मा शिरलाय!" तो ओरडला.

"मामंजी, दुसरं कुणी शिरलंय का?" या वेळी दांडा हळू गेला. भिंत गप्प.

मग काय विचारता! सासूबाई हात जोडून धावत आत आल्या. "बाई गं, चुकले मी. तू म्हणशील तसं." नवरा मागोमाग. "अगं, माझ्या बढतीचं विचार ना आमच्या बाबांना!" दारातून कुणी म्हणालं, "वहिनी, आमच्या मुलीचं लग्न कधी जमेल?" एवढा मान तिला या घरात लग्नाच्या दिवशीही मिळाला नव्हता. आता फक्त गप्प बसायचं होतं. सगळं घर मुठीत, लेक पदरात.

पण मग आपल्यात आणि त्या बाबात फरक काय राहिला?

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "हा नळ जरा तुम्ही बंद करा. झटकन."

ठक्क! सासूबाई किंचाळल्या.

"आता हळू." काही नाही.

तिने खणातून पेचकस काढला आणि हॉलमध्ये येऊन भिंतीवरचं प्लायवूड उचकटलं. मागे पाण्याचा पाईप लोंबत होता. त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गंजून केव्हाच सुटल्या होत्या.

"मामंजींचा जुना नळ फिरवून फिरवून बंद व्हायचा," ती म्हणाली. "ते गेले आणि तुम्ही हा दांड्याचा स्वस्तातला नळ बसवलात. हा क्षणात बंद होतो. जोरात धावणारं पाणी एकदम अडतं, पाईपला धक्का बसतो आणि सुटा पाईप भिंतीवर आपटतो. बाबा कान लावून आत्मा नाही, पाणी ऐकत होता. ग्लास भरत आला की प्रश्न विचारायचा. उत्तर मी देत होते, आई. माझ्याच हाताने, माझ्याच विरुद्ध."

सासूबाईंनी आतून पुन्हा नळ खटकन बंद केला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाईप उसळला आणि भिंतीवर आदळला. बाबा तोवर चपलांच्या ढिगात हात घालून स्वतःचा जोड शोधत होता.

"एवढंच होय!" कुणीतरी हिरमुसून म्हणालं. लोक आपापले ग्लास उचलून निघाले. माफी एकानेही मागितली नाही. नवरा तर उलट फणफणला, "घरातलं घरात सांगायचंस. चारचौघांत शोभा केलीस आमची!"

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

"मी असले की आवाज येतो, नसले की येत नाही, एवढं सगळ्यांनी पाहिलं. का, हे एकाने नाही विचारलं. अहो, या घरात त्या नळाला माझ्याशिवाय कुणाचा हातच लागत नव्हता! इतक्या दिवसांत तुमच्यापैकी एकाने जरी उठून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं असतं ना, तर भिंत त्याच्याशीही बोलली असती."

ती लेकीच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

तुमच्याही घरात भिंत बोलेल, छत रडेल, दार आपोआप वाजेल. बाबा शोधायला निघण्याआधी तो आवाज कधी येतो, कधी येत नाही आणि कुणी काय केल्यावर येतो, एवढं बघा. आणि घरातल्या ज्या बाईकडे बोट दाखवताय, तिचं काम एक दिवस स्वतः करून बघा.