मांडीच्या हाडातली पहारेकरीण

मित्रांनो, मी जुनी आहे आणि आता फार थकले आहे. एका म्हाताऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडात राहणारी मी एक पेशी. हाड म्हणजे नुसता दगड, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. त्याच्या आत माझ्यासारख्या असंख्य जणी आपापल्या खोबणीत बसलेल्या असतात.

तरुणपणी मी गवंडीण होते. आम्ही हाड बांधायचो. बांधता बांधता भिंत माझ्याच चारी बाजूंनी चढली आणि मी आत राहिले ती राहिलेच. मग मला पहाऱ्याचं काम मिळालं. माझे केसाहून बारीक हात बोगद्यांतून शेजारणींपर्यंत पोचतात. त्या बोगद्यांत पाणी असतं. माणूस पाऊल टाकतो तेव्हा हाड किंचित वाकतं, पाणी सरकतं आणि माझ्या हातांना ओढ बसते. ओढ चांगली बसली की मी गवंड्यांना कळवते, इथे भर घाला. ओढ थांबली की तोडणाऱ्यांना बोलावणं धाडते, इथलं सामान उचला. माणूस का थांबला, हे मला कळत नाही. पाणी थांबलं, एवढ्यावरच मला निरोप द्यावा लागतो.

माझा धनी लोकांचं घरसामान हलवायचा. कपाटं, पलंग, मोठाले आरसे. जिना उतरताना खालचं टोक नेहमी तो घ्यायचा, कारण भार सगळा खालच्यावर येतो. पायरीपायरीला पाणी सळसळायचं आणि मी निरोप पाठवून पाठवून दमायचे. पण ते दमणं बरं होतं. हाड कसं घट्ट झालं होतं! लोक त्याच्या खांद्यांचं कौतुक करायचे. आम्हाला कोण विचारतो?

पुढे त्याचे दोन्ही मुलगे धंद्यात आले. एके दिवशी टेम्पोतून उतरताना म्हाताऱ्याचा पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आराम करा. पोरांचा बापावर भारी जीव. आणि त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे. फुटणारी वस्तू ब्लँकेटात गुंडाळायची, दोन्ही बाजूंनी उशा कोंबायच्या आणि हलू द्यायची नाही. त्यांनी बापालाही तसंच बांधून ठेवलं.

"आता फक्त 'काच, सांभाळा' एवढं माझ्यावर लिहायचं राहिलंय," म्हातारा म्हणाला.

"बाबा, तुम्ही गप पडा. जन्मभर उचललंत, आता आम्ही तुम्हाला उचलतो," थोरला म्हणाला.

"अरे, संडासला तरी माझ्या पायांनी जाऊ द्या."

"खुर्चीवरून नेतो की! लाज कसली पोटच्या पोरांची?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाय कधीच बरा झाला, पण उशा निघाल्या नाहीत. थोडे दिवस म्हणता म्हणता ऋतू पालटले.

माझ्या बोगद्यांतलं पाणी साचल्यासारखं झालं. तोडणारे आले आणि माझ्या आसपासच्या भिंती उकरू लागले. कितीतरी शेजारणी गेल्या. मी हात पसरायचे, तर पलीकडून हात यायचा नाही. आणखी थोडा काळ असाच गेला असता, तर हे हाड पुन्हा त्या माणसाला पेलू शकलं नसतं.

मग एका सकाळी पोरांनी त्याला खुर्चीवर ठेवायला उचललं. थोरला हसत म्हणाला, "काय बाबा, अगदी हलके झालात हो!"

दाराशी त्यांची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली. "हलके? तुमच्या हातांना वजन कळतं ना रे? मग मला सांगा, भरलेलं कपाट एकदम हलकं लागलं तर तुम्ही काय समजता?"

थोरल्याचं हसू मावळलं. "वाळवी," तो पुटपुटला. "आतून पोखरलंय असं समजतो."

"हं. मग?"

धाकट्याने खाली बसून बापाच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि तसाच डॉक्टरांकडे धावला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, आराम म्हणालो होतो, गोदामात ठेवा म्हणालो नव्हतो! हळूहळू उभं करा त्यांना. रोज थोडं थोडं."

उभं राहणं सोपं गेलं नाही. आधी नुसतं पलंगाशी, मग खिडकीपर्यंत. म्हातारा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पाऊल टाकायचा आणि मागून दोघे मुलगे हात पुढे करून चालायचे. पहिल्या पावलाला माझ्याकडचं पाणी जेमतेम हललं. मला वाटलं, भास असेल. मग पुन्हा हललं. मी निरोप धाडला. गवंडी आता थोडे उरलेत, म्हातारेही झालेत, पण आले. गेलेलं सगळं काही ते परत बांधणार नाहीत. आहे ते मात्र टिकेल.

एके दिवशी तो भिंतीला धरून संडासाच्या दाराशी गेला. मुलगे मागे होतेच. "हात खाली घ्या रे," तो म्हणाला, आत गेला आणि त्याने स्वतः कडी लावली. बाहेर थोरला दाराला पाठ लावून डोळे पुसत उभा होता.

मित्रांनो, तुम्ही धावता, उड्या मारता, जिने चढता, तेव्हा तुमच्याही हाडांत माझ्यासारखी कुणीतरी जागी असते. तिला बसवून ठेवू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना जपा, पण वस्तूसारखं ठेवून देऊ नका. त्यांना हात द्या आणि चालू द्या. मला विश्रांती नको. विश्रांतीनेच तर मी इतकी थकले.