उजवीकडचा डाग

नातू जन्मला तो धापा टाकतच. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या इवल्याशा छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. म्हणाल्या, "गर्भातलं पाणी फुप्फुसात राहिलंय, उद्यापर्यंत सुकेल. तोवर तोंडानं थेंबही द्यायचा नाही."

चार पोरं वाढवलेल्या मला ही कालची पोरगी शिकवणार? बाळांच्या कक्षात पाळण्याशेजारीच सून झोपली, नर्सची पाठ वळली, तशी मी चमच्यानं दूध पाजलं. पोराला ठसका लागला आणि ओठ निळे पडले.

बाई धावत आल्या, पुन्हा यंत्र फिरवलं. "उजवीकडचा हा डाग सकाळी नव्हता. दूध आत गेलंय. कुणी पाजलं?"

मुलगा बायकोवर उखडला, "एवढंही कळत नाही तुला?"

"अहो, मी झोपले होते! आई, तुम्ही सांगा ना."

चमचा माझ्या पदराखाली होता. मी म्हणाले, "पोर धापा टाकतंय आणि हिला झोप लागते! अशा आईचं काय सांगू मी?"

"तू तुझ्या खोलीत जा," मुलगा तिला म्हणाला. "बाळापाशी आता आईच बसेल."

ती भिंत धरत गेली. मी पाळण्यापाशी बसले. पोराची फासळी न् फासळी आत ओढली जात होती.